लाकूडकामाच्या प्रदर्शनाले जाताय? मंग आपल्याकडचं लाकूड झोळीत टाकून न्या

राजेहो, नागपूरकडं अधूनमधून लाकूडकाम, फर्निचर आणि मशिनरीचं प्रदर्शन लागते, त्याची जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरते आणि आपल्यासारखी हौशी मंडळी "जायचं का, जायचं का" करत बसतात अन् तोपर्यंत प्रदर्शन उठून जाते. जायचं असन तर नीट ठरवून जा. कारण तिथले निम्म्याहून जास्त स्टॉल आपल्यासाठी नसतातच, मॉड्युलर किचनवाले, पॅनल सॉ, एज बँडर, सीएनसी राउटर, सगळा लाखांचा मामला, तिथं उभं राहून व्हिडिओ काढायले मजा येते पण घरी गोठ्याच्या बाजूच्या खोलीत त्याचा काय उपयोग? आपल्या कामाचं जे आहे, म्हणजे पटाश्या, रंधे, पाती, बिट, क्लॅम्प, छोट्या मशिनी, गोंद, पॉलिश, ते कोपऱ्यातल्या छोट्या स्टॉलवर असते आणि तिथंच जास्त वेळ द्यायचा असते. बंगळुरूचं इंडियावूड किंवा ग्रेटर नोएडाचं दिल्लीवूड हे तर अजूनच मोठं प्रकरण, तिकडं जायचं असन तर दोन दिवस काढून जा, पण खाली सांगतो ते तिथंही लागू होते.

जायच्या आधी

तारीख पाहताना पहिले शेतीचं पाहा. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडं धानाची मळणी उरकल्याशिवाय कोणी हलत नाही, अन् वर्धा-यवतमाळकडं कापूस वेचणी चालू असली तर माणूस मिळत नाही, त्यामुळं ग्रुपमधल्या शेतकऱ्याले विचारूनच दिवस धरा, नाहीतर गाडी ठरते अन् ऐनवेळी दोघं गळतात. शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस घ्या. शनिवार-रविवारी हॉलमध्ये नुसती जत्रा असते, स्टॉलवाल्याले तुमच्याशी बोलायले टाइम नसते आणि आपल्याले तर त्याचा टाइमच पायजे असते, माल तर बाजारातही मिळते.

रजिस्ट्रेशन ऑनलाइन आधीच करून ठेवा. अशा व्यापारी प्रदर्शनांत बरेचदा आधी नाव नोंदवलं की फुकट प्रवेश असते अन् दारावर गेलं की रांग नाहीतर पैसे. फॉर्ममध्ये "कंपनीचं नाव" विचारतात तेव्हा घाबरू नका, स्वतःचं नाव आणि "वुडवर्किंग" टाका. लहान पोरांले मशिनरीच्या हॉलमध्ये सोडत नाहीत बरेच ठिकाणी, त्यामुळं पोरगं सोबत न्यायचं असन तर आधी फोन करून विचारून घेजा.

किती जणांनी जावं? पाच-सहा बरे. एक गाडी भरते, डिझेल वाटून घेता येते, ब्रह्मपुरीकडून निघालं तर नागभीड, भिवापूर, उमरेड करत अडीच-तीन तासात नागपूर. आणि त्या पाच-सहांत एक तरी खरा मिस्त्री पायजे, म्हणजे ज्याचं पोट या कामावर आहे असा. हौशी माणूस चमक पाहते, मिस्त्री पकड पाहते. आमच्याकडचे म्हातारे वाढई आहेत, ते स्टॉलवर काही बोलत नाहीत, पटाशी हातात घेऊन नुसती उलटीपालटी करतात आणि परत ठेवतात, तेवढ्यावर आम्ही समजून जातो की ही घ्यायची नाही. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडते, त्यामुळं त्यांच्या जेवणाखाणाचं आणि गाडीचं ग्रुपनं पाहायचं, हे सांगायची गरज नसावी पण सांगून ठेवतो.

आता यादी. "काय घ्यायचं" याची यादी सगळेच करतात, ती दुसऱ्या नंबरची. पहिली यादी म्हणजे "आपल्याकडं काय आहे". घरी ज्या मशिनी आहेत त्यांच्या नेमप्लेटचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि माप लिहून घ्या. काहून? राउटरचंच घ्या, म्हणजे लाकडात खाच अन् नक्षी पाडायची मशीन. आपल्याकडं जे राउटर चालतात त्यांच्यात कोणाचा कोलेट, म्हणजे बिटाची दांडी आवळून धरणारा जबडा, 6 मिमी, कोणाचा पाव इंच म्हणजे 6.35, कोणाचा 8, कोणाचा 12 आणि कोणाचा अर्धा इंच म्हणजे 12.7. स्टॉलवर बिटांचा डबा दिसते चकचकीत, डोळ्याले 12 आणि 12.7 सारखेच दिसतात, पण 12 ची दांडी 12.7 च्या कोलेटमध्ये नीट आवळत नाही, फिरताना बिट सटकलं तर काय होते ते सांगायले नको. तसंच गोल पात्याचं. 4 इंची म्हणजे 110 मिमीच्या पात्याले बहुतेक 20 मिमीचं भोक असते, पण 10 इंचीमध्ये म्हणजे 254 मिमीत 25.4 आणि 30 असे दोन्ही बोर मिळतात. साधा व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचा कॅलिपर, खिशात टाकून न्या, स्टॉलवर तिथंच मोजा, कोणी हसत नाही, उलट स्टॉलवाला जरा सरळ बोलायले लागते.

आता मेन गोष्ट, लाकूड

प्रदर्शनात डेमो कशावर देतात ते कधी पाहिलं का? पाइन नाहीतर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदानं दाबून केलेली फळी. पाइन हे पॅकिंगच्या पेट्यांचं मऊ लाकूड, घनमीटरमागं 500 किलोच्या आत-बाहेर, त्यात कोणताही रंधा लोण्यावानी चालते. एमडीएफले तर रेषाच नसतात. आपलं काम कशावर? सागवान, ऐन, बिजा, बाभूळ, कधी आंबा, कधी जुन्या घराच्या निघालेल्या दांड्या. सागवान 650 किलोच्या आसपास, बाभूळ 800 च्या घरात. वरून सागवानात सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूसारखाच पदार्थ लाकडाच्या आतच, तो धार खाते. पाइनवर दहा वेळा चाललेलं पातं सागवानावर दोन हात मारल्यावर बोथट होऊ शकते आणि हे डेमोत कधीच कळत नाही.

म्हणून प्रत्येकानं आपल्या कामातल्या लाकडाचे दोन-तीन तुकडे न्यायचे. फूटभर लांब, दोन इंच रुंद, इंचभर जाड, एवढे पुरे. एक सागवान, एक बाभूळ किंवा ऐन, आणि एक असा ज्यात गाठ आहे किंवा रेषा उलटसुलट फिरल्या आहेत. वाळलेलं पायजे, आणि खिळा नको, जुन्या दारचौकटीचा तुकडा असन तर चुंबक फिरवून पाहा, दुसऱ्याच्या मशीनचं पातं आपल्या खिळ्यानं गेलं तर भांडण ओढवून घ्याल. तुकड्यावर पेन्सिलनं लाकडाचं नाव लिहा. पिशवी गेटवर तपासतात, सिक्युरिटीवाला विचारन, तर सरळ सांगायचं सॅम्पल आहे, सोडतात.

स्टॉलवर कसं बोलायचं त्याचीही एक रीत आहे. गेल्या गेल्या तुकडा काढून पुढं केला की तो टाळते. पहिले त्याचा डेमो पूर्ण पाहू द्या, दोन प्रश्न विचारा, मंग म्हणा, "भाऊ, आमच्याकडं हे लाकूड राहते, याच्यावर एक हात मारून दाखवता का?" एका स्टॉलवर इलेक्ट्रिक हँड प्लेनर होता, 82 मिमीचा, पाइनवर एका हातात गुळगुळीत पट्टा काढून दाखवत होता पोरगा. आमच्या मिस्त्रींनी बाभळीचा तुकडा दिला. पोरानं तीच सेटिंग ठेवून चालवला, मशीन दोनदा दचकली, आवाज खाली बसला आणि तुकड्यावर आडव्या लाटा उमटल्या, बोट फिरवलं की गुळगुळीतच्या जागी पायरी-पायरी लागे. मिस्त्रींनी डेप्थ कमी करायले लावली, पाव मिमीवर आणली, उलट्या बाजूनं म्हणजे रेषेच्या चालीनं चालवायले लावली, तेव्हा नीट निघालं. म्हणजे मशीन वाईट नव्हती, पण ती आपल्या लाकडावर किती हळू चालवावी लागन हे कळलं. जो स्टॉलवाला तुमचा तुकडा घ्यायलेच तयार नसते त्याच्याकडं मोठी खरेदी करू नका, एवढा नियम ठेवा.

तुकडे परत आणायचे. कापलेली बाजू, मशीनचं नाव आणि स्टॉल नंबर त्याच तुकड्यावर लिहून ठेवा, घरी सगळ्यांचे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येते.

हॉलमध्ये

पहिली चक्कर पाकीट न काढता मारा. खरंच. नकाशा घ्या, जोड्या पाडा, एकजण बोलणारा अन् दुसरा पाहणारा. बोलणाऱ्याचं लक्ष सेल्समनच्या तोंडाकडं असते, पाहणारा मशीनच्या मागं जाऊन बेल्ट कुठला आहे, फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची आडपट्टी, हातानं ढकलल्यावर हलते का, बुरादा कुठं पडते हे पाहते. सकाळी आल्या आल्या डेमो मागा, दुपारनंतर गर्दीही असते आणि पातीही बोथट झालेली असतात, त्यामुळं चांगली मशीनही वाईट वाटू शकते.

हातहत्यारं कशी तपासायची ते जरा सविस्तर सांगतो कारण फसगत तिथंच होते.

रंधा हातात घेतला की उलटा करा. पोलादी पट्टीची कड रंध्याच्या तळावर लांबीत ठेवा, मंग तिरपी, मंग दुसरी तिरपी, आणि उजेडाकडं धरून पाहा. पट्टीखालून मधातून उजेड येत असन तर तळ पोकळ आहे. तोंडाच्या पुढं-मागं आणि दोन्ही टोकांले पट्टी टेकली तर काम चालते, बाकी थोडं घासून काढता येते, पण तळ पिळलेला असन तर नोकोच. नंतर पातं खालीवर करायचा स्क्रू फिरवा, फिरवूनही पातं हलायले अर्धा-पाऊण फेरा लागत असन तर ढिला आहे. ग्रोझ, अनंत, स्टॅनली असे वेगवेगळे ठेवलेले असतात, नावावर जाऊ नका, एकाच कंपनीचे दोन रंधे हातात घेतले तरी फरक निघते, म्हणून डब्यातला बंद रंधा घेऊ नका, उघडून तपासलेलाच घ्या.

पटाशीची पाठ पाहा. पाठ म्हणजे सपाट बाजू, तीच धारेचा अर्धा भाग आहे. पट्टी लावली आणि धारेजवळचा इंचभर भाग टेकत असन तर बाकी चालते. धारेचा कोपरा वर वळलेला असन तर ते घासत बसायले घरी अख्खी दुपार जाते. मुठीच्या टोकाले कडी आहे का पाहा, आपण हातोडीनं मारतो, लाकडी मोगरी कोण काढते.

गुण्या तपासायची सोपी युक्ती आहे. सरळ कडेची फळी स्टॉलवर मिळतेच, कडेले गुण्या टेकवून बारीक पेन्सिलनं रेघ मारा, मंग गुण्या पलटवून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन रेघा एकावर एक आल्या तर काटकोन बरोबर. वर जाऊन फाकल्या तर जेवढी फाक दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढी फाक म्हणजे अर्ध्या सुताची चूक, आणि दाराच्या चौकटीले अर्धं सूत लय झालं.

क्लॅम्प आवळून पाहा, दांडी वाकते का आणि जबडा सरकते का. जपानी करवत दिसन, ती ओढताना कापते, आपली ढकलताना, हात बसायले वेळ लागते, स्टॉलवरच पाच-दहा वेळा चालवून पाहा म्हणजे पटते का ते समजते. मले स्वतःले बारीक कामाले आवडते, पण बाभळीवर तिचे दात तुटतात, तिथं आपली जाड करवतच बरी.

आणि एक गोष्ट सरळ सांगतो, 4 इंची अँगल ग्राइंडरवर लाकूड कापायचं दातेरी पातं लावून कोणी डेमो देत असन तर पाहा आणि पुढं चालू लागा. ग्राइंडर 11,000 आरपीएमच्या आसपास फिरते, त्याले ना लाकूड धरायची पाटी ना नीट गार्ड, दात लाकडात अडकला की मशीन हातातून उलटी येते. स्वस्तात करवत मिळाली असं वाटते, पण गावात बोटं गेलेली माणसं याच्यामुळंच जास्त दिसतात.

मशीन घ्यायची असन तर विजेचं पहिले

शहरातला सेल्समन हे विचारत नाही, आपणच विचारायचं. सिंगल फेज की थ्री फेज? 1 एचपी म्हणजे 746 वॅट, मोटरचं नुकसान धरून 230 व्होल्टवर पाचेक अँपिअर खेचते आणि चालू होताना त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडं संध्याकाळी 180-190 व्होल्टवर पंखे रेंगाळतात, तिथं 2 एचपीचं टेबल सॉ सुरूच होत नाही नाहीतर गरम होऊन बसते. घरच्या मीटरचा मंजूर लोड बिलावर लिहिलेला असते, त्याचा फोटो सोबत ठेवा. शेतीच्या पंपाच्या कनेक्शनवर लाकडाची मशीन लावायचा विचार करू नका, तो दर वेगळा आहे, तपासणीत सापडलं तर दंड बसते, आणि थ्री फेज तिथंही ठराविक तासच येते.

बँडसॉचा, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवत मशीनचा, मोह सगळ्यांले होते. आरागिरणीले वनखात्याचं लायसन्स लागते, तुमची मशीन कोणत्या साइजपासून त्यात मोडते हे पैसे द्यायच्या आधी आपल्या वनपरिक्षेत्र ऑफिसात विचारून या, स्टॉलवाला "काही लागत नाही भाऊ" म्हणणारच.

बाकी प्रश्न विचारायचे ते असे: कार्बन ब्रश, बेल्ट, स्विच कुठं मिळन, नागपुरात सर्व्हिस सेंटर आहे का आणि तिथं मशीन न्यायची की ते घ्यायले येतात. ब्रशची एक जोडी मशीनसोबतच मागा. डस्टचा पाइप कोणत्या मापाचा, बहुतेक 4 इंची असते. लाकडाचा बुरादा ही साधी गोष्ट नाही, आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1995 मध्ये त्याले माणसाले कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, म्हणून पाइप नसन तर निदान एन 95 मास्कचा डबा तरी घ्या, प्रदर्शनात तो कोणी दाखवत नाही, पण सेफ्टीच्या स्टॉलवर मिळते. हॉलमध्येही मशिनींच्या भागात कानात बोळे घाला, एक-दोन तासात डोकं भणभणते.

जेवण

दुपारी 1 ले हॉलमधल्या स्टॉलवर रांग आणि भाव दोन्ही असते. सकाळी नागपुरात शिरताना तर्री पोहे हाणा, सोबत भाकर-झुणका बांधून न्या, आणि सावजी परत निघताना. सावजी खाऊन हॉलमध्ये फिरणं जमत नाही, सांगून ठेवतो.

खरेदी आणि भाव

दुसऱ्या चक्करीत सगळे एका जागी बसा, आपापलं आवडलेलं सांगा. बिटं, सँडपेपर, पाती, क्लॅम्प हे एकत्र घेतलं तर भाव मिळते, पाच जणांचे वीस क्लॅम्प म्हणजे त्याच्यासाठी होलसेल. प्लायसाठी 60 दातांचं आणि लाकूड लांबीत फाडायले 24 दातांचं पातं, हे दोन जरी चांगल्या कार्बाइडचे घेतले तरी मशीन बदलल्यासारखं वाटते. शेवटच्या दिवशी स्टॉलवाल्याले डेमोची मशीन परत न्यायची नसते, तो कमी भावात द्यायले तयार होते, पण तीच मशीन चार दिवस लोकांनी चालवलेली असते, बेअरिंगचा आवाज ऐकल्याशिवाय नोको, आणि वॉरंटी कोणत्या तारखेपासून ते बिलावर लिहून घ्या.

जड मशीन तिथंच उचलू नका. कोटेशन घ्या, जीएसटी धरून की सोडून ते लिहून घ्या, आणि ट्रान्सपोर्टचं भाडं कोण देणार हे ठरवा. नाहीतर मशीन येऊन पडते तालुक्याच्या गोडाउनले, आणि तिथून गावापर्यंत ट्रॅक्टरची ट्रॉली शोधत फिरा.

गोंदाच्या डब्यावर तयार केल्याची तारीख पाहा, प्रदर्शनात जुना स्टॉक खपवतात. पॉलिशच्या स्टॉलवर इम्पोर्टेड तेलाच्या छोट्या डब्या मोठ्या भावात दिसतील, वास घेऊन पाहा, बऱ्याच डब्यांमधी मूळ जवसाचंच तेल असते. आपल्याकडं जवस पिकते, घाण्यावरचं तेलही मिळते, पण ते कच्चं असते, लाकडावर वाळायले दिवसच्या दिवस लागतात. आणि कोणतंही जवसाचं तेल असो, पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकायची नाहीत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, उघडी पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा. कुडाच्या आणि गवताच्या आजूबाजूला काम करणाऱ्यानं तर हे ध्यानात ठेवाच.

लाकूड मात्र प्रदर्शनात घेऊ नका. सागवानाच्या प्रदेशात राहून तिथं सागवानाच्या फळ्या विकत घेणं काही पटत नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारपूरच्या वनविकास महामंडळाच्या डेपोतून सागवान गेलं, ते आपल्याच भागातलं. डेपोतला लिलाव आपल्यासारख्या दोन-चार घनफूटवाल्याच्या कामाचा नाही, पण चंद्रपूर, परतवाड्याकडच्या परवानाधारक टिंबर मार्टमध्ये नीट बिलावर मिळते. बिल आणि वाहतुकीचा टीपी, म्हणजे वनखात्याचा वाहतूक परवाना, मागायचाच, गाडी नाक्यावर अडली तर तोंडी सांगणं चालत नाही. बांबूची आवड असन तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीले बांबूचं संशोधन-प्रशिक्षण केंद्र आहे, त्याची वेगळी ट्रिप काढा.

घरी आल्यावर

आठ दिवसांच्या आत कोणाच्या तरी अंगणात बसा. कापलेले तुकडे ओळीनं मांडा, कोणत्या मशीनचा कट कसा आला ते मिस्त्रींकडून ऐका. नव्या पटाशीले घरी आणल्यावर 25 अंशाची धार अन् पुढं बारीक 30 ची कड लावल्याशिवाय वापरू नका, कंपनीची धार म्हणजे नुसती घडवलेली असते. गेज, गुण्या, रंधा पहिल्याच आठवड्यात कामात घ्या, काही निघालं तर बदलून घ्यायले बिल ताजं पायजे. मशीनची वॉरंटी बऱ्याच कंपन्यांत ऑनलाइन नोंदवावी लागते, 30 दिवसांत नोंदवा असं कार्डावर लिहिलेलं असते, ग्रुपमधल्या कॉलेजच्या पोराले बसवून सगळ्यांची एकाच वेळी नोंदवून टाका आणि बिलाचे फोटो त्याच्याकडंच ठेवा, कारण कागद पावसाळ्यात आपल्याकडं टिकत नाही. तान्हा पोळ्याले पोरांसाठी लाकडी बैल करायचे असतील तर आणलेली बिटं आणि सँडपेपर श्रावण लागायच्या आधी तपासून घेजा, 80 चा खरबरीत कागद संपला आणि नुसता 220 चा बारीक उरला तर बैलाचं शिंग घासून घासून हात दुखते.